खोगिराची पिशवी

डोंगरातली ऐंशी किलोमीटरची घोड्यांची शर्यत. मुलीने हेल्मेट चढवलं, फोन कमरेच्या पाउचमध्ये ठेवला, तसे बाबा भडकले. "डोकं ठिकाणावर आहे का? पडलीस तर नव्याकोऱ्या फोनचा चक्काचूर होईल!" त्यांनी तो हिसकावून खोगिराच्या पिशवीत कोंबला.

शेवटच्या थांब्यावरून बाकीचे सगळे स्वार पुढे गेले, तरी हिचा पत्ता नाही. बाबांनी दहा वेळा फोन लावला. "उचलायला काय धाड भरलीये हिला? येऊ दे, घेतोच चांगली हजेरी!"

अकराव्यांदा लावला, तर झाडीतून रिंग जवळजवळ येऊ लागली. बाबा तावातावाने पुढे धावले.

&nbsp;

घोडी एकटीच आली होती. फोनवर साधा ओरखडाही नव्हता.