पाटीची चूक

पाटीवर ‘बस दोन मिनिटांत’ असं झळकून आता नऊ मिनिटं झाली होती. रांगेतल्या मावशींचा पारा चढला.

"सकाळचा हा ड्रायव्हर रोज झोपा काढून येतो!"

रांग हसली. मागे उभ्या असलेल्या मुलीचे कान तापले. बसची वेळ सांगणाऱ्या या पाट्या तिनंच तयार केल्या होत्या, आणि तो ड्रायव्हर म्हणजे तिचे बाबा. वशिल्याचा आरोप नको म्हणून तिनं हे नातं कचेरीतही सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षांत बाबांना एकदाही उशीर झाला नव्हता. पाट्या लागल्या आणि तीन महिन्यांत ते सगळ्यात उशिरा येणारे ठरले. साहेबांनी तर सांगूनच टाकलं होतं, सोमवारपासून त्यांना गाडीवरून उतरवून गोदामात बसवायचं. बाबांनी घरी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "पाटी तुझी आहे ना? मग चूक माझीच असणार."

ते ऐकून तिला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ती डेपोत जाऊन उभी राहिली.

बाबा गाडीत चढले. पाटीला खबर देणारं यंत्र आधी चालू केलं. मग खाली उतरून प्रत्येक टायर ठोकून पाहिला, आरसे पुसले, आतले दांडे एकेक हलवून बघितले. सात मिनिटं गेली. बाकीचे ड्रायव्हर धावतपळत आले, यंत्राचं बटण दाबलं आणि सुटले.

तिनं कपाळावर हात मारला. यंत्र चालू झालं की गाडी सुटली, असं तिनंच पाटीला शिकवलं होतं! गाडी ताब्यात घेताच यंत्र चालू करायचं, हा नियम डेपोत एकच माणूस पाळत होता, आणि तिनं त्यालाच आळशी ठरवलं होतं.

"मीही उद्यापासून निघतानाच चालू करतो," बाबा म्हणाले. "तुझं काम सोपं होईल."

"तुम्ही तसूभरही बदलायचं नाही, बाबा. पाटी बदलेल."

ती तडक साहेबांकडे गेली आणि चूक आपली असल्याचं लिहून दिलं. मग दोन दिवस कचेरीत ठाण मांडून बसली. आता चाक फिरल्याशिवाय पाटी वेळ मोजणार नव्हती.

सोमवारी पाटीवर ‘आठ मिनिटं’ आलं. बरोबर आठव्या मिनिटाला बस वळणावर दिसली.

"ड्रायव्हर बदलला वाटतं," मावशी खूश होऊन म्हणाल्या. "हा बघा कसा वेळेचा पक्का!"

"ड्रायव्हर तेच आहेत, मावशी." अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तीन महिने चुकत होती ती माझी पाटी. आणि ते माझे बाबा आहेत."