मोहाखालचा पाचोळा

मोहाची फुलं गळायला लागली की सातपुड्याच्या पायथ्याचा अख्खा पाडा झाडांखालचा पाचोळा पेटवून देतो. जमीन साफ झाली की फुलं वेचायला सोपी. एकटी गुंताबाई तेवढी कंबर मोडेस्तोवर खराट्यानं झाडायची. तिच्या नवऱ्याला, खेमाला दमा होता. "याला धुराचा वारासुद्धा लागू देऊ नका. धूर दिसला की दार-खिडकी लावून आत बसवा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

खेमा गेल्या पावसाळ्यात गेला. यंदाही ती खराटा घेऊन वाकलेली पाहून शेजारची ललिता म्हणाली, "काकी, आते कोनासाठे झाडी राहिनी तू? लाव काडी नि मोकळी व्हय."

गुंताबाईला पटलं. तिनं जन्मात पहिल्यांदा पाचोळ्याला काडी लावली. धुराचा लोट पाड्याकडे वळला मात्र, ती टोपली टाकून घराकडे धावत सुटली. खिडकी लोटली, दाराला बाहेरून कडी घातली, फटीत चिंध्या कोंबल्या.

आणि आतून खोकल्याचा आवाज येतो का ते ऐकत, त्या धुरातच बंद दाराला कान लावून उभी राहिली.