लाल फुली

संचालिकेने पिशवीतून फ्रेम काढली आणि आयुक्तबाईंच्या टेबलावर, अग्निशमन विभागाच्या अहवालावरच ठेवली. निराधार वृद्ध स्त्रियांच्या निवासात, शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर ती वीस वर्षं टांगलेली होती. काचेआड इमारतीचा मूळ नकाशा होता आणि मागच्या जिन्यावर मारलेली एक ठसठशीत लाल फुली.

"ओळखलंत ना, ताई?"

न ओळखायला काय झालं? फुली त्यांचीच होती. तेव्हा त्या बँकेत होत्या आणि त्यांच्या माघारी त्यांना सगळे 'लाल पेन्सिल' म्हणत. निवासाच्या बांधकामाचा खर्च बँकेच्या नियमात बसेना. त्यांनी नकाशा पुढ्यात ओढला, "एका घराला दोन जिने हवेत कशाला?" म्हणाल्या आणि फुली मारली. कर्ज मंजूर झालं. पुढे काम पाहायला म्हणून त्या तिथे गेल्या, आज्यांच्या गप्पांत अशा गुंतल्या की दोन वर्षांत बँकेची खुर्ची सोडून निवासाच्या प्रमुख होऊन बसल्या. घरच्यांनी डोक्याला हात लावला. तिथे अकरा वर्षं काढल्यावर सरकारने बोलावून घेतलं आणि ताईंच्या आयुक्तबाई झाल्या. येईल त्या पाहुण्याला ही फ्रेम दाखवून काटकसरीची गोष्ट सांगायची पद्धतही त्यांनीच पाडलेली. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं.

अहवालात मात्र हौस नव्हती. वरच्या मजल्यावर अठ्ठावीस बायका. उतरायला एकच जिना, तोही स्वयंपाकघराला लागून. मजला रिकामा करायचा की सवलत द्यायची, हे आयुक्तांनी ठरवायचं होतं.

"सहा महिने द्या," संचालिका म्हणाली. तिला या कामात ताईंनीच तयार केलं होतं. "मागचा जिना उभा करते. देणगीदारसुद्धा गाठलाय."

"आणि तोवर?"

"तोवर काय, ताई? वीस वर्षांत साधा पडदा जळला नाही. सगळ्या वृद्धाश्रमांत पायपीट करून आले. कुणी चौघींना घेतंय, कुणी सहा जणींना. आपल्या शिंपीणबाई आणि नर्सबाई दहा वर्षं शेजारच्या खाटांवर आहेत. एकीचा चष्मा दुसरीला सापडतो. त्यांना दोन गावांना धाडू? या वयात? मग आगीची तरी काय गरज!"

एकेक खाट आयुक्तबाईंच्या डोळ्यांपुढे आली. शिंपीणबाईंचा हात धरून त्या स्वतः कितीदा तरी तो जिना उतरल्या होत्या. सतरा पायऱ्या. दर चौथ्या पायरीवर थांबायचं, दम खायचा, सुनेला दोन शिव्या द्यायच्या, मग पुढची पायरी. एकीला पाच मिनिटं सहज लागायची. आकड्यांत मुरलेल्या डोक्याने आपसूक अठ्ठाविसाचा गुणाकार केला. एकशे चाळीस मिनिटं, दोन तासांहून जास्त. अकरा वर्षं त्या जिन्याने चढउतार केली, पण हा गुणाकार तेव्हा सुचला नव्हता. वर ती फुली त्या कौतुकाने दाखवत राहिल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. घरून यजमान होते. रोज या वेळेला त्यांची एकच तक्रार असे.

"अगं, येतेस कधी? नऊ दारं लावायची, नऊ कुलपं घालायची, माझी कंबर गेली! सरकारने दोन माणसांना एवढा बंगला दिलाय कशाला? वरचा मजला नाही म्हणून बरं, नाहीतर जिन्यातच मुक्काम केला असता."

"फोन करते पाच मिनिटांत," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी संचालिकेचा अर्ज पुढे घेतला. खणातली लाल पेन्सिल शोधली, पण क्षणभर हातात धरून परत ठेवून दिली. साध्या पेनाने लिहिलं, 'सवलत नाकारली. वरचा मजला आजच्या आज रिकामा करावा.' खाली सही केली.

संचालिकेने दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडा होता.

"शेवटी बँकेच्याच निघालात हो, ताई." ती उठली. "ही फ्रेम राहू दे इथेच. मी कुठल्या तोंडाने लावू भिंतीवर?"

"बस खाली. खाटा उचलायला किती माणसं लागतील?"

"खाटा उचलायच्या, पण न्यायच्या कुठे?"

आयुक्तबाईंनी घरचा नंबर फिरवला.

"अहो, आपलं सामान कोपऱ्यातल्या खोलीत घ्या आणि नऊच्या नऊ दारं उघडी ठेवा. अठ्ठावीस जणी राहायला येतायत."