ड्रॅगन सांभाळणारी

तेजस्विनीला बघायला ओतूरहून पाहुणे आले, तेव्हा वडिलांनी तिला आधीच बजावलं, "नोकरीचं विचारलं तर नुसतं पुण्याला हाय म्हण."

मुलाच्या आईनं, कुशाबाईंनी विचारलंच, "काम काय करती गं?"

तेजस्विनीला खोटं बोलवेना. "प्राणिसंग्रहालयात ड्रॅगन सांभाळते. ड्रॅगन नुसता नावाला, असतो सरडाच. हातावर घेऊन खाऊ घालते."

वडिलांनी मान खाली घातली.

कुशाबाई मुलाकडे वळल्या. "मोहित, पाल दिसली की तू कुठं चढून बसतो, ते सांग हिला."

"टेबलावर," मोहित लाजत म्हणाला.

तेजस्विनीला हसू आवरेना. मग सगळेच हसले.

कुशाबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, आमच्या घरात पाली लई हाईत. कवा येती?"