साखर-लिंबाचा गोळा

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तरुणपणी मी माझ्या दाढीला गाढव बांधून कैरोभर फिरलेय,” मी म्हटलं. भाची हसली नाही. दार लावून, माझ्याच डब्यातला साखर-लिंबाच्या चिकट पाकाचा गोळा ती स्वतःच्या हनुवटीवर थापून केस उपटत होती. “हळू बोल, खाला!” डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, हॉर्मोन्स बिघडलेत; गोळ्या घे, रोज चाल, वेळेवर झोप. पण गल्लीतलं औषधाचं दुकान तिच्या होणाऱ्या सासऱ्याचं. लाजेनं ती तिकडे फिरकलीच नव्हती. “लाजायचं काय? मी गोळ्या घेतल्या, नाईलकाठी चालले, पुदिन्याचा चहा प्यायले. आठवड्यात दाढी गळून नदीत पडली. मगरी अजून तिनंच दात कोरतात. तेव्हापासून हनुवटी लोण्यासारखी!” भाचीनं गोळा उजेडात धरला. “मग यातला पांढरा केस कुणाचा, खाला?” माझा हात हनुवटीवर गेला. “खोटारडी!” ती म्हणाली. “चल, सासऱ्याकडूनच दोघींच्या गोळ्या आणू.”