झाडू कुणाच्या हातात

"इच, नी, सान..." बिभीषण एकटाच जपानी आकडे मोजत होता आणि एकटाच ठोसे मारत होता. दहा झाले. शेडच्या पत्र्यानं ते दहाही आकडे परत त्याच्याच अंगावर फेकले. तिसगावच्या बाजारामागचं हे शेड आधी कांदा ठेवायचं होतं, मग कराटे शिकवायची जागा, म्हणजे डोजो झालं. आता चटयांवर बोटभर धूळ होती. दिवाळीपासून रांगेत एक पोर उभं राहिलं नव्हतं.

भिंतीवर फ्लेक्स मात्र ताठ होता. हाताची घडी घातलेला बिभीषण, खाली 'संस्थापक व मुख्य प्रशिक्षक'. हे अर्धं खोटं होतं आणि ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

डोजो दोघांनी काढला होता. बिभीषणनं आणि गोरक्षनाथनं. काळा पट्टा दोघांना एकाच दिवशी मिळालेला. मग मोठा कोण? हा तिढा त्यांनी झाडूनं सोडवला. जो आधी येऊन डोजो झाडेल, त्या दिवशीचा वर्ग त्याचा. दुसऱ्यानं पोरांच्या रांगेत शेवटी उभं राहायचं. अकरा वर्षं हे चाललं. दिवाळीनंतर गोरक्षनाथ बायकोबरोबर ऊसतोडीला जायचा, उन्हाळ्यात परतायचा आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू धरायचा.

गेल्या चैत्रात फ्लेक्स करायचा ठरला आणि सगळं नासलं.

"सहा महिने ऊस तोडणारा माणूस फ्लेक्सवर कसा दिसंल?" बिभीषण पोरांसमोर म्हणाला. "शेड माझं. चटया माझ्या. मग डोजो कुणाचा?"

"शेड तुझंच हाय," गोरक्षनाथ म्हणाला. त्यानं हातातला झाडू कोपऱ्यात उभा केला, दाराशी कराटेच्या रीतीनं वाकला आणि निघून गेला.

पोरं एकेक करून गळाली. उरलेली पाच दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसली. झाडू कोपऱ्यातच राहिला. बिभीषणनं त्याला हात लावला नाही. मुख्य प्रशिक्षक झाडत नसतो.

आता कराटे संघटनेचा फोन आला होता. रविवारी परीक्षक येणार. रांगेत दहा जण दिसले नाहीत तर शाखा बंद. ऊसतोडीला गेलेली पाच पोरं आणली, तर बाकीचे पाच गावात गोळा करता आले असते. बिभीषणनं मोटारसायकल काढली आणि नदीकडच्या साखर कारखान्याचा रस्ता धरला. शंभर किलोमीटर तो पोरांच्या आईबापांना सांगायची वाक्यं घोकत होता. टेम्पो पाठवतो. जेवण माझ्याकडं. सोमवारी परत आणून सोडतो. त्या वाक्यांत गोरक्षनाथचं नाव कुठंच नव्हतं.

तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. उसाच्या गाड्या भरून गेल्या होत्या. ऊसतोड्यांच्या कोप्यांमधून, त्या पाचटाच्या झोपड्यांतून, धूर निघत होता. पाचट, चिखल, बैलांचं शेण. आणि या सगळ्या घाणीत, कोप्यांच्या मागं, जमिनीचा एक चौकोन धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ झाडलेला. कडेला चपलांची सरळ ओळ. रांगेत आठ जण. त्याच्या डोजोतली पाच पोरं, कासोटा मारलेल्या दोन बाया आणि शेवटी गोरक्षनाथ. समोर, जिथं शिकवणारा उभा राहतो तिथं, साठीची एक म्हातारी मूठ आवळून उभी.

बिभीषण बुटांसकट आत शिरला.

"ओ पाव्हणं!" म्हातारी कडाडली. "झाडल्यालं दिसंना व्हय? बूट काढा आदी!"

"रंगुआज्जी, हे आमचे सर हायेत," रांगेतून पंकजा म्हणाली. तिला तपकिरी पट्टा त्यानंच बांधला होता. "मुख्य."

तो शब्द तिनं जरा लांबवला. कुणीतरी फिसकन हसलं.

"मुख्य आसंल त्याच्या घरी. आज खराटा म्या धरलाय. शेवटाला हुबं राहा, न्हाईतर वाटंला लागा."

बिभीषण गोरक्षनाथवर उसळला. "हिला पुढं उभी केलीस? हिला ठोसा तरी येतो का सरळ?"

"न्हाई येत," गोरक्षनाथ समोर बघतच म्हणाला. "पर काय करू? मी गाडी भरून यायच्या आदीच ही झाडून मोकळी. आठ दिस झालं, मला खराटा घावंनाच."

बिभीषणनं सवयीनं माणसं मोजली. नऊ. एक कमी.

तो खाली बसला. बूट काढले, चपलांच्या ओळीत टोकाला ठेवले. कडेशी वाकला आणि गोरक्षनाथच्या शेजारी जाऊन उभा राहिला. झाडलेली माती तळपायाला गार लागली. गोरक्षनाथ अर्धं पाऊल सरकला, बस्स तेवढंच.

रंगुबाईला जपानी आकडे येत नव्हते. म्हणून आज सगळेच मराठीत मोजत होते. एकेकानं एकेक आकडा म्हणायचा आणि त्यावर सगळ्यांनी ठोसा मारायचा.

"येक!" रंगुबाईनं सुरुवात केली.

"दोन!" पंकजा.

आकडा रांगेतून पुढं सरकत आला. पोरांचे पातळ आवाज, बायांचे भरडे. मग अगदी कानाशी, चैत्रानंतर पहिल्यांदाच, गोरक्षनाथचा.

"नऊ!"

पुढं काहीच आलं नाही. मुठी कमरेशी थांबल्या. कुणी वळून बघितलं नाही, कुणी घाई केली नाही. दिवाळीपासून बिभीषण दहाही आकडे एकटाच म्हणत आला होता. इथं त्याच्या वाट्याला एकच आला होता.

"धा," तो कसाबसा म्हणाला.

दहा मुठी एकदम सुटल्या.