दुसरा अल्बम

लोकसंगीत आणि रॉकच्या अल्बमांवर तीस वर्षं लिहिणाऱ्या खांबेट्यांच्या दारात एक बाई सीडी घेऊन उभी राहिली. ती सुदाम गोंधळीची आई होती. महिन्यापूर्वी सुदाम काविळीनं गेला होता.

"पहिल्या अल्बमवर तुम्ही लिहिलेलं त्यानं भिंतीला चिकटवलं होतं," ती म्हणाली. "हा दुसरा. तुम्ही सांगितलंत, तसाच केलाय."

खांबेट्यांनी सीडी लावली. 'गिटारला संबळाचा गोंगाट आडवा येतो,' असं त्यांनी तेव्हा लिहिलं होतं. आता संबळाचा ठोका कुठेच नव्हता. आवाजातली खरखरही पोरानं घासूनपुसून काढली होती. गाणी सुरात होती, नेटकी होती, आणि त्यांत जीव नव्हता. पहिला अल्बम किती जिवंत होता, ते खांबेट्यांना आज कळलं.

"आता जमलंय ना, साहेब?"

आजवर त्यांनी कुणाच्या भिडेखातर मत बदललं नव्हतं. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "उत्तम जमलंय."

तिनं पदरानं डोळे टिपले. "त्याची बहीणही गाते. तिलाही असंच गायला सांगते आता."

ती पायऱ्या उतरू लागली. खांबेटे तिला थांबवायला धावले. पण दारातच अडले. थांबवून सांगणार काय?